ग्रहणाच्या दिवशीचं स्वस्त विमान

बायकोचं नाव मी चुकवलं. काना-मात्रा राहिली, उच्चार घसरला, असलं काही नाही. साफ दुसऱ्याच बाईचं तिकीट काढलं. ती दुसरी बाईही माझीच बायको आहे, हे मला ठाऊक होतं, आमच्या सगळ्या गोतावळ्याला ठाऊक होतं. पण मेक्सिकोतल्या एका छोट्या विमान कंपनीला ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

त्याचं असं झालं. आमच्या लग्नात आईच्या हौसेखातर बायकोचं नाव बदललं. ताटात तांदूळ पसरले, मी अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, टाळ्या झाल्या. तेव्हापासून घरीदारी, अगदी सिंगापूरला टॅम्पिनीसच्या आमच्या ब्लॉकमधल्या मराठी मंडळींतसुद्धा ती त्याच नावानं ओळखली जाते. कागदोपत्री मात्र नाव बदलायचं कुणी मनावर घेतलं नाही. पासपोर्टवर, सिंगापुरात राहायच्या पासवर, ती फिजिक्स शिकवते त्या ट्यूशन सेंटरमध्ये, सगळीकडे माहेरचं नाव आणि माहेरचंच आडनाव. अशी ही दोन नावांची बाई आमच्या फ्लॅटमध्ये माझ्या समोर बसून गवार मोडत होती, आणि मी लॅपटॉपवर तिचं तिकीट काढत होतो. ‘तुझं नाव काय?’ एवढंच विचारायचं होतं. पण इतक्या वर्षांच्या संसारानंतर हा प्रश्न कोणता नवरा विचारतो?

त्यात ते संकेतस्थळ स्पॅनिशमध्ये. कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत होतं. आडनावाला एक चौकट नाही, दोन. तिकडे म्हणे प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक बापाकडचं, एक आईकडचं. दुसरी चौकट रिकामी ठेवली की ती लाल व्हायची आणि पान पुढे सरकायचं नाही. आपल्याकडे बायकोच्या नावापुढे नवऱ्याचं नाव येतं, म्हणून मी त्या चौकटीत बिनधास्त स्वतःचं नाव टाकलं. घड्याळ थांबलं, तिकीट आलं, मी हुश्श केलं. त्या तिकिटाप्रमाणे मी आता माझ्या सासूबाईंचं माहेरचं आडनाव होतो.

मेक्सिकोला जायचं कारण ग्रहण. खग्रास सूर्यग्रहण. बायकोचं आणि खग्रास ग्रहणाचं जुनं वैर आहे. ती कॉलेजात असताना तिचे सर मुलांना घेऊन उत्तरेत ग्रहण बघायला गेले. मुलींनी रात्रीच्या गाडीनं जायचं नाही, असं तिच्या वडिलांनी ठरवलं, आणि तिनं ते ग्रहण टीव्हीवर पाहिलं. पुढे लग्नानंतर ती हट्टानं गुजरातला गेली. मी तेव्हा जहाजावर होतो. ऐन पावसाळा. ढग इतके, की अंधार झाला तो ग्रहणानं की आभाळानं, हेही कुणाला कळलं नाही. तिसऱ्या खेपेला मुलगी तान्ही होती आणि आईनं दाराला कडी घातली. त्यानंतर बायकोनं ग्रहणाचा विषय कधी काढला नाही. पण तिच्या कपाटाच्या दाराला आतून जगाचा एक नकाशा चिकटवलेला आहे. त्यावर पुढच्या ग्रहणांच्या सावलीचे पट्टे पेन्सिलीनं काढलेले आहेत. साडी काढायला दार उघडलं की आधी तो दिसतो.

मी आता जहाजावर जात नाही. सिंगापूरच्या ऑफिसात बसून जहाजांची आजारपणं बघतो. त्या वर्षी आमचं एक जहाज नेमकं मेक्सिकोच्या गोदीत दुरुस्तीला लागणार होतं. मी जेवताना सहज म्हणालो, तर तिनं घास खाली ठेवला. कपाटापाशी जाऊन आली.

“सावली दुरांगोवरून जाते,” ती म्हणाली. “मी येणार.”

पुण्याहून आईला टॅम्पिनीसला बोलावलं. मुलीची परीक्षा होती, तिच्यापाशी कुणी हवं होतं. आईनं मुद्दाम ग्रहण बघायला जाणारी सून आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. पण ती आता मऊ झाली आहे. “बघायचं तर बघ बाई,” म्हणाली, “पण सुटलं की डोक्यावरून अंघोळ करायची.”

गोदीतलं काम आटोपून मी मेक्सिको सिटीत आलो, बायको परस्पर तिथे पोचली होती. आदल्या दिवशीच दुरांगोला जाऊ, असं ती पहिल्यापासून म्हणत होती. पण तिथली हॉटेलं भरलेली, म्हणून मी ग्रहणाच्या दिवशी पहाटेचं विमान घेतलं होतं. ग्रहण दुपारचं, विमान पहाटेचं, मध्ये रग्गड वेळ. जन्मभर इंजिनांबरोबर काढलेल्या माणसानं असा हिशेब मांडावा, याचं मला अजून नवल वाटतं.

काउंटरवर एक तिशीतली मुलगी होती. तिनं पासपोर्ट पाहिला, पडद्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. एकेक इंग्रजी शब्द जपून ठेवत म्हणाली, “ही बाई कुठे आहे?”

“हीच ती.”

“नाही. ही दुसरी.”

बायको वळली. “अहो, तिकिटावर काय नाव टाकलंत?”

मी सांगितलं. बायकोनं फक्त चष्मा काढून पुसला. आमच्या घरात याला मोठं भांडण म्हणतात.

त्या मुलीच्या मोबाइलमध्ये भाषांतर करणारं काहीतरी होतं. मी त्यात बोलायचो, तो स्पॅनिशमध्ये बोलायचा, मुलगी भुवया उंचावायची. लग्नात नाव बदललं, हे तिनं दोनदा ऐकलं. तिकडे लग्न झालं तरी बाईचं नाव बदलत नाही, आडनावसुद्धा नाही. पहिलं नावच बदलतात हे ऐकून तिनं शेजारच्या काउंटरवरच्या दुसरीला बोलावलं. मोबाइल माझ्यासमोर धरून विचारलं, “कुणी बदललं?”

“माझ्या आईनं.”

“तुमचंही बदललं?”

“नाही.”

“का नाही?”

मी बॅगेचा पट्टा घट्ट करायला लागलो. बायको मात्र आता जरा खुलली होती. “विचार, विचार,” ती त्या मुलीला मराठीतच म्हणाली, “मीही वाट बघतेय.”

दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, असा काही पुरावा आहे का, असं त्या मुलीनं विचारलं. मी सिंगापूरला फोन लावला. तिथे संध्याकाळ होती, आई आणि आमची मुलगी जेवायला बसल्या होत्या. आमच्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं.

“आयो बाबा, हाऊ कॅन यू फरगेट मम्मीज नेम? सो एनीहाऊ वन.” सिंगापुरी इंग्रजीत याचा अर्थ, किती हा गबाळेपणा.

“विसरलो नाही गं. लग्नाच्या अल्बममधला तो ताटाचा फोटो काढून पाठव. तांदळाचं ताट. लवकर.”

“राइस? फॉर एअरपोर्ट?”

मागून आईचा आवाज आला. “कोण म्हणतंय ते तिचं नाव नाही? दे फोन त्या बाईला. मी सांगते.”

आईला कसंबसं आवरलं. फोटो आला. ताट, तांदूळ, त्यात माझ्या गिचमिड अक्षरातलं नाव, आणि कडेला लाजून खाली बघणारी बायको. मी विजयी मुद्रेनं तो त्या मुलीपुढे धरला. तिनं तो मोठा केला, आडवा केला, उभा केला. नाव अर्थातच देवनागरीत होतं.

“हे काय आहे?”

“तांदूळ.”

“छान,” ती म्हणाली. फोटोतल्या बायकोकडे आणि समोरच्या बायकोकडे तिनं पुन्हा एकदा पाहिलं आणि हसली. पण नियम तो नियम. नाव दुरुस्त करायचं तर विक्रीच्या खिडकीवर जायचं, आणि तिथे ही लांब रांग. तोवर हे विमान निघून जाईल. पुढच्या सगळ्या विमानांत ग्रहणाला निघालेली माणसं खच्चून भरलेली. एवढं सांगून ती थांबली, पडद्याकडे पाहिलं आणि मोबाइलला काहीतरी म्हणाली. मोबाइल छान स्वच्छ आवाजात बोलला: “काळजी नको. तुमचं विमान उशिरा आहे.”

मी आनंदानं टाळी वाजवणार होतो. बायकोचा चेहरा पाहून हात मागे घेतला.

रांगेत उभं राहून नाव दुरुस्त झालं. त्यानंतर सामान. एक लोखंडी सांगाडा होता. हातातली बॅग त्यात मावली तर आत, नाही तर विमानाच्या पोटात. आमची बॅग सगळी मावली, फक्त एक दांडा बाहेर राहिला. तो रोळीचा होता. पोहे धुवायची, भोकाभोकांची स्टीलची रोळी बायकोनं टॅम्पिनीसच्या स्वयंपाकघरातून उचलून आणली होती. ग्रहण लागलं की प्रत्येक भोकातून सूर्याची एकेक कोर जमिनीवर पडते म्हणे. बॅग पोटात गेली. रोळी बायकोनं हातात धरली, आणि तशीच, देवळात निघाल्यासारखी, ती गेटपाशी जाऊन बसली.

मग वाट बघणं सुरू झालं. सिंगापुरात राहून आम्ही वेळेच्या बाबतीत लाडावलो आहोत. एमआरटी दोन स्टेशनांमध्ये जरा थांबली की डब्यातल्या माना मोबाइलमधून वर येतात. इथे मान वर काढणारा मी एकटाच. आधी सांगितलं, विमान दुसऱ्या गावाहून यायचंय. मग विमान आलं, तर कर्मचारी यायचे होते. ते आले, तर ‘तांत्रिक’. काउंटरवरचीच ती मुलगी आता गेटवर उभी होती, गळ्यात वेगळा रुमाल बांधून, आणि बाटलीतल्या पाण्याचे घोट घेत तिन्ही कारणं तितक्याच मायेनं सांगत होती. माझ्याकडे पाहून तिनं हात हलवला.

मला या कारभाराची मोठी गंमत वाटायला लागली. जहाजाला उशीर झाला तर मालक, एजंट, बंदर, सगळे एकमेकांना ईमेल टाकतात. इथे कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. एक कुटुंब दोमिनोचा डाव मांडून बसलं. एका आजोबांकडे वेल्डिंगचा मुखवटा होता, अख्खा, काळ्या काचेचा. तो गुडघ्यावर ठेवून ते डुलकी काढत होते. शेजारच्या बाईनं मक्याच्या सालात बांधलेले वाफाळते काहीतरी उकडलेले उंडे काढले आणि आम्हालाही दिले. आत तिखट सारण होतं. मी दोन खाल्ले. बायकोनं हात लावला नाही.

मी काचेपाशी जाऊन उभा राहिलो. खाली विमानाच्या एका इंजिनाचं झाकण उघडं होतं. आत डोकं घातलेला माणूस बाहेर आला, त्यानं आत पुन्हा वाकून पाहिलं, मग फडक्यानं बोटं पुसायला लागला. सावकाश, एकेक बोट. मी परत येऊन बायकोला म्हणालो, “निघणार आता. त्याचं काम झालंय.”

“कशावरून?”

“काम बाकी असलं की माणूस पँटला हात पुसतो.”

ती मांडीवरच्या कागदावर बघत होती. त्यावर तिनं दुरांगोची वेळ लिहिलेली होती आणि खाली वजाबाक्या. “काल निघू म्हणाले होते मी,” ती म्हणाली.

“हॉटेलं भरली होती गं.”

“बसस्टँडवर रात्र काढली असती. मी बाकड्यावर बसले असते.” आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं. “अजून थोडा वेळ गेला, तर सावली येईल तेव्हा आपण हवेत असू.”

“हवेतनं दिसेलच की. ढगबिग काही नाही.”

“भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो. आपल्याला खिडकीतनं पंख दिसेल.”

मी तिसरा उंडा घेतला.

विमान निघालं तेव्हा माझ्या घड्याळात आणि तिच्या कागदावर इतकं कमी अंतर उरलं होतं की मी बघायचं सोडून दिलं. गुडघे समोरच्या खुर्चीला टेकलेले. खुर्ची मागे झुकत नव्हती, खिडकीला पडदा नव्हता, समोर कप्पा नव्हता. कुणीतरी एकेक वस्तू उचलून ‘याच्यावाचून विमान उडेल का?’ असं विचारलं असावं आणि उडतंय म्हटल्यावर ती काढून टाकली असावी. एका परीनं मला ते पटलं. हवेत असताना कॅप्टन बराच वेळ काही बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला एकच शब्द कळला, सूर्य. तो बायकोनं आधीच पाठ केला होता.

मग उजेड बदलला. मावळताना पिवळा होतो तसा नाही. रंग होते तिथेच होते, पण पातळ झाले, ताकात पाणी घालावं तसे. विमान उतरण्यासाठी एका अंगावर कलंडलं आणि पलीकडच्या खिडकीतून उन्हाची एक पट्टी आमच्या रांगेवर आली. बायकोनं झटकन रोळी उचलून तिच्यात धरली. माझ्या पांढऱ्या शर्टावर, पोटापासून खांद्यापर्यंत, चंद्रकोरी उमटल्या. बारीक बारीक, सगळ्या एकाच दिशेला तोंड केलेल्या. वेल्डिंगवाले आजोबा पट्टा लावलेला असताना जमेल तितके वाकून माझं पोट बघायला लागले. पुढचे, मागचे, सगळे माझं पोट बघत होते. आयुष्यात ते पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडलं.

“हलू नका,” बायको म्हणाली. कोरी फार बारीक झाल्या होत्या. “वेळ उरलेला नाही हो.” विमान हिंदकळत होतं, आणि त्याबरोबर माझ्या शर्टावरचे सगळे सूर्य.

चाकं टेकली. विमान धावपट्टीच्या टोकाशी जाऊन वळलं, रमतगमत परत आलं आणि थांबलं. शिडी लागेपर्यंत बायको उभ्यानं पुढच्या माणसाच्या पाठीला चिकटलेली. छोटं विमानतळ, उतरून इमारतीपर्यंत पायी जायचं. आम्ही शिडीच्या तळाशी पोचलो आणि जमिनीवर दिवे लागले. भर दुपारी, विमानांच्या वाटेच्या कडेचे, निळे. इमारतीकडे चला, चला म्हणून हात करणारा एक माणूस होता, तो हात तसाच ठेवून थांबला. पश्चिमेकडून काहीतरी मोठं, आवाज न करता आलं आणि आमच्यावरून पसरलं. गार वारा सुटला. कुठेतरी कुत्री भुंकायला लागली. लोक एकदम ओरडले, आणि एकदम गप्प झाले.

मी ग्रहणाचा चष्मा घट्ट लावून वर पाहत होतो. मला काहीच दिसत नव्हतं. काळंकुट्ट. लहानपणापासून ग्रहण बघितलं की डोळे जातात हे इतकं मुरलेलं, की सूर्य पूर्ण झाकला की चष्मा काढायचा असतो हे बायकोनं विमानात तीनदा सांगूनही मी तो दोन्ही हातांनी दाबून धरला होता. मनात म्हटलं, एवढ्यासाठी एवढा खटाटोप?

बायकोनं माझ्याकडे न बघताच हात लांब केला आणि माझा चष्मा ओढून काढला.

सूर्याच्या जागी एक काळं भोक होतं, आणि त्याच्याभोवती पांढरे, मऊ, पिंजल्यासारखे केस. खाली एक ठळक तारा. चारी बाजूंनी क्षितिजावर तांबडं फुटलेलं, जणू सगळ्याच दिशांना संध्याकाळ. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही. मी मध्येच एकदा बायकोकडे पाहिलं. तिच्या एका हातात रोळी होती, दुसऱ्यात माझा चष्मा, तोंड किंचित उघडं. ती रडत नव्हती, हसत नव्हती. वर्गात मुलाचं गणित तपासताना दिसते तशी दिसत होती.

मग कडेनं उजेडाचा एक थेंब फुटला आणि दिवस परत आला. लोकांनी विमानाला टाळ्या वाजवल्या की सूर्याला, कळलं नाही. आजोबांनी मुखवटा वर करून आम्हा दोघांना मिठी मारली.

त्या दिवशी आईचा फोन आला तेव्हा बायको म्हणाली, “हो, अंघोळ केली,” एवढंच. परतीच्या प्रवासात मी दोन-तीनदा विचारून पाहिलं, कसं वाटलं? “छान,” म्हणाली. मी खट्टू झालो. इतकी वर्षं नकाशे रंगवून शेवटी ‘छान’?

सिंगापूरला आल्यावर रविवारी आम्ही ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर गेलो. मुलगी सायकल घेऊन पुढे गेली, आई तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांमध्ये, उसाचा रस घेऊन पंख्याखाली बसली. आमच्या ओळखीचं एक जोडपं भेटलं. त्यांनीही बायकोला तेच विचारलं, आणि तिनं त्यांनाही ‘छान’ म्हटलं. ते गेल्यावर आम्ही पाण्याच्या कडेनं चालत राहिलो. नांगर टाकलेली जहाजं लांबवर उभी होती. मी सवयीनं ती मोजत होतो.

“सगळे वरचं विचारतात,” बायको एकदम म्हणाली. “वरचं मला माहीत होतं हो. कॉलेजापासून वाचलेलं, फोटो पाहिलेले. अगदी तसंच होतं. पण विमानाच्या पोटाशी एक माणूस सामान उतरवत होता, तुम्ही पाहिलात का? हातात कुणाची तरी भलीमोठी बॅग. अंधार झाला तसा तो तिथेच थांबला, बॅग छातीशी धरून, आणि उजेड येईपर्यंत वर बघत राहिला. खाली ठेवायचं सुचलंच नाही त्याला. हात किती भरून आले असतील. कुणीतरी सांगायला हवं होतं, ठेव बाबा खाली. पण सांगणार कोण, मीही वरच बघत होते.”